तीन टोले

बावीस वर्षं चालवली मी ही गाडी
आणि तिच्या माडीवर एकदाही बसलो नाही.
खानावळवाला कुठे जेवतो स्वतःच्या खानावळीत?
माझी जागा खाली, पुढे, इंजिनाच्या कुशीत,
एका माणसापुरती काचेची पेटी.
गावाकडच्या चर्चमधली कबुलीची खोली बरी,
तिथे पलीकडून कुणीतरी बोलतं तरी.

मागे, उघड्या पायरीवर, आयँथी गिटेन्स.
बार्बाडोसची, बेटाच्या पार उत्तर टोकाची,
"तिथून पुढे नुसतं पाणी, डर्कन," म्हणायची.
मध्ये चौसष्ट आसनं आणि एक दोरी.

एक टोला: थांब.
दोन: चल.
तीन: गाडी भरली, आता कुठे थांबू नकोस.
चार: काहीतरी वाईट झालंय.
एवढ्या शब्दांवर आम्ही अकरा वर्षं काढली.

डेपोतला म्हातारा प्रॉक्टर सांगायचा,
त्याचा आजा घोड्यांची बस हाकायचा.
टपावर माणसं पाठीला पाठ लावून बसत,
बायका चढू लागल्या तेव्हा त्यांचे घोटे दिसू नयेत
म्हणून कडेला फळ्या ठोकल्या,
आणि वर्षभरात त्या फळ्यांवर
साबणाची आणि मोहरीची जाहिरात.
"लाज झाकायला लावली, भाड्यानं गेली,"
म्हणायचा, आणि खोकला येईस्तोवर हसायचा.

आमची गाडी नवी होती तेव्हा, म्हणे,
माडीवर वाळूची पोती रचून
तिला कलती करून पाहिली, अठ्ठावीस अंश.
पडली नाही.
माणसं त्याहून कमी कलावर पडतात.

बासष्टचा डिसेंबर. धुकं असं
की माझंच बॉनेट मला दिसेना.
ती उतरली, विजेरी घेऊन,
आणि रस्त्याच्या मधोमध चालू लागली,
कॅम्बरवेलपासून पेकहॅमपर्यंत.
मागे मी, साडेसात टनांचं जनावर
तिच्या पावलांच्या मापानं हाकत.
इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्या पुढे होती.
माडीवरून कुणीतरी खिडकी उघडून ओरडलं.
काय ओरडलं ते सांगत नाही.
ती वळली नाही. विजेरी हलली नाही.

आणि पुढच्या फेब्रुवारीत, शेवटच्या फेरीला,
तीन टोले.
मी आरशात पाहिलं. गाडीत चिटपाखरू नाही.
मी थांबलो नाही.
पुढच्या थांब्यावर टोपीवाला एकजण हात करत होता,
माफ कर बाबा,
तुझा तो हात मला अजून दिसतो.

डेपोत उतरल्यावर तिनं हिशेब दिला,
नाणी मोजली, मशीन ठेवलं, "बरंय" म्हणाली.
मी पण "बरंय" म्हणालो.
एवढा गाढव मी.

मग दारं आली. पैसे ड्रायव्हरच घेऊ लागला.
ती क्रॉयडनच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात गेली,
मी लग्न केलं, दुसरीशी. चांगली होती.

आज रविवार. जुन्या मार्गावर जुन्या गाड्या.
पोरं, जी तेव्हा जन्मलीही नव्हती,
बोल्टाबोल्टाचा नंबर सांगतात, लाल रंगाला जपून हात लावतात.
"आजोबा, एवढं काय आहे हो हिच्यात?"
दार नव्हतं, मी म्हणतो.
धावत चढता यायचं, नाही पटलं तर उतरता यायचं.
एवढी मुभा पुढे मला कुणी दिली नाही.

गुडघे शिव्या देत मी जिना चढतो,
अगदी पुढे, काचेशी बसतो.
फांद्या काचेवर फटकारतात.
पहिल्या मजल्यांवरची घरं थेट समोर:
एक बाई इस्त्री करतेय, गॅलरीत मांजर,
एका टेबलावर अर्धवट सुटलेलं कोडं.
म्हणजे हे रोज दिसत होतं वरच्यांना!
आणि मी खाली, नुसते दिवे आणि पाय बघत.

कुणाचं तरी पोर दोरी ओढतं:
टण. टण. टण.
माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो,
खाली काही नसतं.

ड्रायव्हर तरुण आहे. त्याला वाटतं, पोराचा खेळ.
पुढच्या थांब्यावर तो गाडी थांबवतो.

वर बसून मी त्याला
मेयोतल्या सगळ्या शिव्या देतो,
मनातल्या मनात.