कवडू

पहिला बोर्ड जळला तेव्हा मे चालू होता.
बाहेर सेहेचाळीस, त्याच्या डोक्यात ब्याऐंशी.
कूलरच्या मोटरी भरणाऱ्या बापाची मी पोरगी,
आणि त्याला हवा द्यायचीच विसरले.

दुसरा बरा चालला होता.
मग तलावाकडच्या डीपीवर काहीतरी झालं,
लाइट गेली, आली, गेली, आली,
आणि कार्ड अर्ध्या वाक्यात मेलं.
टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं : कर्नल पॅनिक.
बाबांनी तांब्याची तार खाली ठेवली.
"कर्नल घाबरला? कोनाले?"

तिसरा मी पवनीच्या स्टँडवरून
मांडीवर धरून आणला.
सोळा मिक्सर आणि एका पंपाचे पैसे त्यात गेले होते.

सायत्राबाई निखाडे गिरणी बंद करून आली,
भुवयांवर पीठ.
सगळा खटाटोप तिच्यासाठीच :
दोनशेच्या खाली व्होल्टेज आलं की तिची मोटर कण्हते,
गहू नुसता भरडतो.
मला एवढंच हवं होतं,
लाइट नीट आली की सायकलची घंटी वाजावी.
तिनं बोर्ड तळहातावर घेतला. हिरवा, खारीएवढा.
"दोन गेले म्हन्तेस?"
"दोन."
"मंग असा नाई जगत थो."

बटव्यातून रुपया काढून तिनं माझ्या हातावर टेकवला.
"इकत घेतला म्या. आता हा तुहा नाई.
जे न्याले येते थे तुह्याच दारात हुडकन,
नि हात हालवत वापस जाईन."

मी हसले नाही. रुपया ठेवून घेतला.
आमच्या आळीत तीन कवडू आहेत आणि एक उकंडा,
सगळे साठीच्या पुढचे,
मेलेल्या भावंडांच्या मागून येऊन टिकलेले.

रात्री कार्डावर सगळं नव्यानं चढवलं.
मशीनचं नाव काय, असं एक पान विचारतं;
आजवर तिथं जे आधीच असायचं तेच मी राहू देई.
या खेपेला पाच रोमन अक्षरं टाइप केली.

मग नोंदी कार्डावरून काढून मेमरीत लावल्या,
कार्ड झिजू नये म्हणून.
पाठीशी जुन्या यूपीएसची बॅटरी,
आणि लाइट गेली तर धाडकन पडू नको, नीट झोप, अशी चार ओळींची ताकीद.
बाबांनी टेपरेकॉर्डरची मोटर काढली, तिला डालड्याच्या डब्याचं पातं बसवलं.
एकसष्टच्या वर जात नाही आता.

प्रत्येक मोठ्या कामाआधी सुडो लिहावं लागतं,
म्हणजे, मालक बोलतो आहे, ऐक.
मी कुठं मालक?
तरी ऐकतो.

घंटी रात्री पावणेतीनला वाजते. दोनशे चोवीस.
आळी शिव्या घालते,
शेजारचा कुत्रा घंटीच्या आधीच उठून बसलेला असतो, कसा ते मला कळलेलं नाही.
सायत्राबाई पदर खोचत निघते
आणि जाता जाता आमच्या खिडकीशी थांबते,
"माहा पोरगा ठीक हाये ना व?"

आज त्याला विचारलं, किती दिवस झाले जागा आहेस.
त्यानं आकडा दिला,
मिनिटांसकट.
तिला सांगितला नाही.
इथंही लिहीत नाही.