राघूचं काय करायचं

शुक्रवारी, सोहारच्या सनाइयात,
शेडचं शटर अर्धं ओढून
मी तिघांना फळीवर मांडतो:
हत्ती, ट्रक, राघू.
लाकूड पॅलेटचं. कुठल्या बंदरातून आलं, कुणास ठाऊक.
हत्तीच्या कुशीवर डागलेला शिक्का आहे,
किती रंधा मारला, तरी गेला नाही.

रंग आहेत कपाटात. दरवाजांचे.
डब्यावर कवटी, खाली अरबीत काहीतरी,
आणि थिनरचा तो वास
जो जेवतानाही बोटांना असतो.
शाल्मली दीड वर्षाची. हाती येईल ते तोंडात.
परवा तिनं फोनच चाटला,
नेमका माझ्या कपाळावर.

बाबांना विचारलं.
चितारआळीत जन्म गेला त्यांचा,
चिंचोक्याची खळ, वर रंग, वर लाख;
नखांतला तांबडा सणासुदीलाही निघाला नाही.
"रंग लाकडाक नसता रे," म्हणाले,
"गिऱ्हायकाक असता."
मग बराच वेळ नुसते खोकत राहिले.

हत्ती बिनरंगाचाही हत्तीच.
ट्रक तर इथं धुळीच्याच रंगाचा असतो.
पण राघू?
हिरवा नसला की कुठलंही पाखरू.
साळुंकी म्हणा, होला म्हणा.
वैजू म्हणते, एवढा काय विचार करताय,
ती कोंबडीलासुद्धा काऊ म्हणते.

रात्री मी झोपलो असताना
शहिदुलनं हत्तीचे डोळे काढले,
रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या पिवळ्यानं.
एक मोठा, एक बारीक.
सकाळी म्हणाला, आंधळा कसा पाठवणार परदेशात?
मी पटाशीनं खरवडले ते.
दोन खोबणी उरल्या,
आणि हत्ती पहिल्यांदाच माझ्याकडं बघायला लागला.
शहिदुल दोन दिवस बोलला नाही.

जानेवारीत इथं बाटलीतलं खोबरेल थिजतं.
काडीनं टोकरून तळव्यावर घेतलं,
वितळेपर्यंत थांबलो,
मग चोळत बसलो राघूच्या पाठीवर.
लाकूड पीत गेलं.
पंखावर रेघा उमटल्या, मी न कोरलेल्या,
कुठल्याशा थंड मुलखातल्या झाडाच्या
एकेका वर्षाच्या.

पेटी उघडेल तेव्हा वैजूला आधी वास येईल,
माझ्या उशीचा.
शाल्मली चोच चोखेल, चोखू दे.
काऊ म्हणाली, तर काऊ.
हिरव्याचं
मी आल्यावर बघू.