थेंब कुठला

सकाळचे नऊ, ग्युमरीत उणे एकोणीस.
सातेनिकबाई गाडी चालूच ठेवून उतरतात.
"वार्दगेस जान, हिच्या मागून पाणी येतंय.
काल शाळेच्या फाटकापाशी
पोरं म्हणाली, बाई, तुमची गाडी मुतते."

जुनी ओपेल. सायलेन्सरच्या तोंडाशी टप्, टप्,
खाली बर्फात अंगठ्याएवढं भोक.
मी वाकतो. आधी गुडघा बोलतो, मग मी.

पुठ्ठ्याचा तुकडा धरतो नळीपुढे:
काजळीचे ठिपके, बाकी नितळ ओल.
बोटावर घेतो, हुंगतो.
माझा उस्ताद थेट जिभेवर घ्यायचा,
म्हणायचा, आपल्या धंद्यात गोड लागलं की घात.
कूलंट गोड असतं,
आणि त्याला इथे यायचं काही कारण नाही.
उस्ताद गेला. कशानं, ते विचारू नका.
मी आपला हुंगतो.

वास नाही. पण त्यानं काय सिद्ध होतं,
थंडीनं माझंच नाक बसलंय.

बॉनेट उघडतो.
टाकीतलं हिरवं पाणी खुणेला टेकलेलं,
बुडबुडा एकही नाही.
ऑइलच्या झाकणाखाली मात्र
पिवळट साय.

इथे हात थांबतो.

तीन हिवाळ्यांपूर्वी
हमाझास्पच्या मिनीबसलाही अशीच साय होती.
मी हात न पुसताच म्हणालो होतो,
"वाफ आहे रे, थंडीची. जा बिनघोर."
जाजूरच्या घाटात गॅस्केट गेलं, हेड तडकलं,
अकरा माणसं आणि एक मेंढा
तीन तास बर्फात उभे.
कुणी मेलं नाही. हमाझास्प भांडलाही नाही.
अजून बेकरीत भेटला की तब्येत विचारतो,
आणि गाडी दुसरीकडे नेतो.

म्हणून डिपस्टिक दोनदा पुसतो, तीनदा बुडवतो.
तेल काळं. दुधाळ नाही.
काळं असलं की बरं वाटावं असा हा धंदा.

उरला धूर.
गॅरेजबाहेर विजेचे खांब आहेत ओळीनं,
तेवढंच माझं मोजमाप.
नुसती वाफ दुसऱ्या खांबाच्या आत विरते.
इंजिन पाणी पीत असेल तर
पांढरा, जड, चौथ्या खांबापर्यंत लोंबत जातो.
हा दीड खांबात संपला.

"शाळा किती लांब?"
"दीड किलोमीटर."
"मग?"
"मग घरी."
"रविवारी?"
"रविवारी शाळा नसते, वार्दगेस."

तर असं आहे, बाई.
पेट्रोल जळतं तेव्हा पाणी होतं,
जवळजवळ लिटराला लिटर.
ज्यानं आग विझते
ते आगीच्याच पोटी जन्मतं,
आणि तापल्या नळीतून वाफ होऊन निघून जातं,
कुणाला पत्ता लागत नाही.
तुम्ही नळी तापायच्या आत पोचता.
पाणी आतच बसतं, रात्री गोठतं,
सकाळी थोडं लोखंड खाऊन खाली पडतं.
हिला रोग नाही.
हिला रस्ता कमी पडतो.

"मग औषध?"
"आठवड्यातून एकदा अर्तिकपर्यंत. मध्ये थांबायचं नाही."
"अर्तिकला माझं कोण आहे?"
"गाडीला ते ठाऊक नाही."

पैसे घेतले नाहीत.
त्यांनी सीटमागून सफरचंदांची पिशवी काढली,
पान्यांच्या बाकावर ठेवली,
आणि बराच वेळ हातमोजे चढवत राहिल्या.

रविवारी दुपारी ओपेल दारावरून गेली,
शाळेच्या उलट्या दिशेला.
मी ताटावरून उठून बाहेर आलो.
पहिला खांब. दुसरा.
धूर विरला होता.
तरी चौथ्या खांबाकडे बघत राहिलो,
हातातला लवाश
पुठ्ठ्यासारखा कडक होईपर्यंत.