मोजणी

भूमिअभिलेखात एकतीस वर्षं साखळी ओढली,
त्यामुळे खोड आहे: साल संपलं की
बांधावर उभं राहून मोजून घ्यायचं.

भाषणं सहा.
पहिलं वाचनालयात, संक्रांतीनंतरच्या रविवारी.
विषय: धरणगावच्या वेशी आणि त्यांचे रखवालदार.
माणसं अकरा. त्यातली तिघं
शेजारच्या दवाखान्यात नंबर लावून आलेली;
कंपाउंडरनं हाक मारली तशी
तटबंदीच्या मधोमध उठून गेली.
शाळेत एका पोरीनं विचारलं,
सर, तुम्ही तेव्हा होता का?
नव्हतो म्हणालो.
तिचा रस तिथंच संपला.

पुस्तकं घेतली चौदा,
त्यातली नऊ रद्दीच्या भावानं, काट्यावर.
एका रोजमेळात, कपाशीच्या हिशोबाखाली,
कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय:
आज घरी गेलो नाही.
सही नाही, साल नाही.
त्या दिवसाची जमा मात्र पैशाला पैसा जुळते.
आषाढ ते भादवा मी त्या माणसाच्या मागावर होतो.
नाही सापडला.

स्वतःचं पुस्तक तीनशे छापलं,
दोनशे बारा पलंगाखाली.
वाळवीनं चाळीस पानं सलग वाचली,
एवढं दुसऱ्या कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही.
प्रमिला म्हणते, पलंग डुगडुगत नाही आता.

संगीत.
गफूर मास्तरांचा बँड मोडला त्याला बारा वर्षं झाली,
क्लॅरिनेट अजून गादीखाली, टॉवेलात.
म्हणाले, एक चाल होती,
पूल नव्हता तेव्हाची. वरात नदीत उतरली
की तेवढीच वाजवायची,
बैल पाण्याला बुजू नयेत म्हणून.
नाव काय तिचं?
नाव कशाला, बैलांना कळायची.
मी मोबाइल पुढं धरला.
त्यात आहे: खोकला, कुकरच्या दोन शिट्ट्या,
मग चाल, आणि श्वास संपतो तिथून पुढं
मास्तर ती नुसत्या बोटांनी वाजवतात.
ते रेकॉर्डिंगमध्ये नाही.

पिक्चर एकच.
जिनवाल्या शेटच्या माळ्यावर डबा सापडला,
उघडला तर लोणचं नासल्यासारखा वास.
चार मिनिटं, मुका.
आखाजीच्या रात्री भोईवाड्यात
भिंतीला चादर ठोकली,
झोके तसेच हलते सोडून बाया आल्या.
मी काठी घेऊन उभा:
ही बघा चिमणी,
वरचा कठडा अजून बसलेला नाही,
म्हणजे हे छत्तीसच्या आधीचं...

मागून पुंजाबाई:
"थांब रे भाऊ. हाऊ मना बाप शे."

कुठं?
गाडीमागं, चादरीच्या चुणीत,
एक पोरगं पळत होतं. उघडं, आठ-नऊ वर्षांचं,
पळता पळता डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेलं.
"त्याना डावा पाय देख.
मरेपावत असाच फेके."

ही चार मिनिटं मी चाळीसदा पाहिली होती.
चाळीसदा चिमणी.

"मांगे ले," त्या म्हणाल्या.
दगानं खटका उलटा फिरवला.
धुरळा खाली बसला,
कपाशीच्या गाड्या पाठीमागं चालत फाटकाशी गेल्या,
टोपी हातातून डोक्यावर चढली
आणि पोरगं उलट पावली
कुणीतरी हाक मारल्यासारखं
चौकटीबाहेर, घराकडं.
पुन्हा पुढं. पुन्हा मागं.
सहाव्या वेळी त्या म्हणाल्या, "आते ऱ्हाऊ दे."
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

घरी येऊन वहीतली ओळ खोडली,
'जिनची चिमणी, अंदाजे १९३५.'
खाली लिहिलं:
उखा भोई, पळताना. मागं चिमणी.

सहावं भाषण परवा झालं.
माणसं नऊ, दवाखान्यातलं कुणी नाही.
पुंजाबाई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून.
दहाव्या मिनिटाला त्यांची मान कलली.
मी आवाज
जरा खाली आणला.