तडी

कांदा मार्केटच्या मागच्या गल्लीत
निंगव्वाचं दुकान, रुंदीला चार हात,
आणि मी तिसऱ्यांदा त्याच फळीसमोर.
उजव्या हातात कोरड्या केसांची बाटली,
डाव्या हातात गळणाऱ्या केसांची.
माझे गळत नाहीत. कोरडे आहेत का, माहीत नाही.
नऊ वर्षं कधी विचारलंच नाही त्यांना.

नऊ वर्षं होस्टेलात
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी खुर्ची, टॉवेल, मशीन.
बारा पोरी, एक तास.
"समोरचीच्या हाताला लागेल असं काही ठेवू नका,"
मुतगेकर मॅडम सांगायच्या.
अंगाचाच साबण डोक्याला, कानामागे राहिलेला फेस
सरावात घामाबरोबर वाहून जायचा.

मग गुडघा.
त्याबद्दल पुढं काही सांगत नाही.

मार्चपासून कात्री लागू दिलेली नाही.
पिन लावली तर घसरते, रबर लावलं तर
मागून साळिंदर.
पुण्याची मामेबहीण म्हणाली,
आता तरी 'आलो, गेलो' सोड, 'आले, गेले' म्हण.
मी म्हटलं, आमच्याकडं लांब वेणीवाल्यासुद्धा
'आलो'च म्हणतात. केसांचा काय संबंध?

निंगव्वा गिऱ्हाइकाला मीठ मोजत विचारते,
"वाढवूलालीस काय गं?"
व्हय.
"मग ही घे, ही. जोडी आहे."
जोडीतली दुसरी बाटली महाग
आणि तिच्यावर कन्नडमध्ये बारीक अक्षरं.
शाळेत कन्नड होतं, पण बाटलीवरचं कन्नड
वेगळंच काही बोलतं. 'कूदलु' तेवढं लागलं. केस.
पुढचं वाचेपर्यंत मागं दोन माणसं उभी.
"किती दिवसांत फरक पडतो?"
निंगव्वानं माझ्या मानेकडं पाहिलं,
जिथं अजून उन्हात जळलेला पट्टा दिसतो.
"तडी," म्हणाली. "स्वल्प तडी."

थांब, म्हणाली. थोडं थांब.
वडगावला परतताना सिटीबसमध्ये
तो शब्द जिभेवर मराठीतून फिरवत बसलो:
तडीला लागणं, तडीस नेणं.
तिच्या भाषेत वाट बघायची,
माझ्या भाषेत पोचायचं.
स्टॉप मागं गेला, चालत आलो.

घरी आईनं विचारलं, हे काय?
म्हटलं, शाम्पूनंतर लावायचं, दोन मिनिटं ठेवायचं
आणि धुऊन टाकायचं.
"धुऊनच टाकायचं तर लावायचं कशाला?
पैसे पाण्यातच की!"
तेही बोअरच्या पाण्यात, ज्यात डाळ शिजत नाही.

माग बंद होता, वीज गेलेली.
अप्पा आत आले, बाटली उघडली,
थेंब घेतला अंगठ्यावर,
तर्जनीनं चोळून पाहिला
जसा ते ताण्याचा दोरा पाहतात, डोळे मिटून.
"खळ हाय ही," म्हणाले.
"खळीनं सूत वाढत न्हाई. तुटत न्हाई, एवढंच.
बुडख्याला लावू नको. टोकाला."
बाटलीवरच्या बारीक अक्षरांतही
तेच निघालं नंतर, भावाकडून वाचून घेतल्यावर.

राकसकोपचं पाणी गुरुवारी आलं, अर्धी घागर राखून ठेवली.
पहिल्यांदाच डोक्यावरून हात
सावकाश नेला, घाई नसल्यासारखा.
टोकं कुठं सुरू होतात ते समजेना,
सगळं मिळून चार बोटं.

आज आरशाकडं पाठ करून
मागं हात नेला, मुठीत घेऊन बघितलं.
नऊ वर्षांत कुणाला सापडली नव्हती
ती पकड बसली.
सुटली.
परत.