पाच नंबरची काच

मठपतींनी वेल्डिंगची काच मागितली तेव्हा
चाचांना वाटलं, स्टुडिओला ग्रिल बसवायचंय.
पाच नंबरची, गॅस वेल्डिंगची, हिरवट काळी.
मी ती लेन्सपुढं रबरबँडांनी आवळली,
गळका डबा आवळतात तशी,
आणि डोळा लावला तर
नळदुर्गात सकाळीच तिन्हीसांज.

"आधी फोकस, मग काच," मठपती म्हणाले.
"काच लावल्यावर शोधत बसलीस तर
काही सापडत नसतंय, शमीम."
स्थळं बघायला आलेल्यांनाही ते हेच सांगायचे.

पावणेसात. ढग. ऊन नाही ते बरंच,
उन्हात पाण्याचा पांढरा फाटतो.
बोरी भिंतीवरून उतू चाललेली,
नर पडायलाय, मादी पडायलीय,
पाणीमहालाच्या झरोक्यात पोरं तोंडं उघडून ओरडतायत
आणि ऐकू काहीच येत नाही.

ट्रायपॉड हलका, सोलापूरहून आणलेला, एक पाय टेपनं गुंडाळलेला.
मधल्या हुकाला पिशवी, पिशवीत चार दगड.
किल्ल्याचे नाहीत, रस्त्यावरचे.
हे चौकीदाराला दोनदा सांगावं लागलं.
आयएसओ शंभर. अपर्चर सोळा. शटर आठ सेकंद.
टायमर दोन सेकंदांचा,
कारण दाबणाऱ्या बोटाचाही धक्का बसतो.

बोट माझं.
मठपतींची बशी वाजायला लागली
तेव्हा आम्ही आधी बशी बदलली.
मग अणदूरच्या लग्नात
अडीचशे फोटोंत नवरीला दोन दोन नथी.
त्यांनी पैसे परत केले, आल्बमच्या पुठ्ठ्याचेसुद्धा,
आणि कॅमेरा स्टँडवर चढवला.
तेव्हापासून पासपोर्ट. हनुवटी वर. डोळे उघडे. झालं.

ओंदु, एरडु, मूरु...
मोजताना ते कन्नडात जातात.
आकडे त्यांच्या आईचे आहेत.
आठ सेकंद काही लहान नसतात.
एंटु म्हणेपर्यंत माझा श्वास संपला होता.

स्क्रीनवर पाणी आलं
नासिरभाईनं पिंजलेल्या कापसासारखं,
सगळे दूध म्हणतात, मला कापूस दिसला.
भिंतीवर पळणारी सहा पोरं गायब.
एकाच्या लाल शर्टाची तेवढी
पुसट रेघ राहिली, कुंकू सांडून झटकल्यासारखी.
चौकीदार मात्र बुटाच्या नाडीसकट लख्ख.
तो हललाच नव्हता.
त्याच्या बिडीचा धूर नव्हता कुठं.

"काच काढ. आठशे कर. चार कर. हजारात एक."
या खेपेला पाणी जागच्या जागी लटकलं,
थेंब न् थेंब सुटा, ज्वारी उधळल्यासारखा,
आणि लाल शर्टाचं पोरगं हवेत,
दोन्ही पाय जमिनीवरून उचललेले,
तोंडात पुढचा दात नाही.

मग मठपतींनी हात पुढं केला.
मी कॅमेरा दिला. पट्टा गळ्यात घालायला गेले,
त्यांनी मान बाजूला घेतली.
ट्रायपॉड नको म्हणाले.
पाव सेकंद. हातात.
त्यांची कोपरं बरगड्यांना टेकलेली
आणि तरी कॅमेरा पिंजऱ्यातल्या व्हल्यासारखा.
मी नदीकडं बघत राहिले.
शटर वाजलेलं कळलं नाही.

फोटोत बुरूज दोन, भिंत दोन,
चौकीदाराला तीन खांदे.
ते चष्मा कपाळावर सरकवून
कितीतरी वेळ बघत होते.
"भिंत हलली," म्हणाले.
मग नखानं काचेवर नर दाखवला, मग मादी.
"पण पाणी बघ.
पाण्याला काही झालं नाही."

तेवढ्यात चौकीदार जवळ आला.
मघाचा फोटो पासपोर्टला चालंल का, म्हणाला,
बँकेत द्यायचाय, दोन कॉप्या.
"चालत नाही," मठपती म्हणाले,
"मागं पांढरं लागतं."

चौकीदार वळून
पाण्याकडं बघायला लागला.