मी हात लावला नाही

बाल्दोमेरो वेन्तेओ दारात आला
की आधी ओल्या लोकरीच्या टोपीचा वास येतो,
मग करवतीचा: शिळं पेट्रोल, जळकं ऑइल, तेपूचा भुसा.
नारिंगी होती म्हणे ती.
आता मुठीच्या खालच्या बेचक्यात, जिथं बोट पोचत नाही,
तिथं नखाएवढा रंग उरलाय.

"चालत नाही."
"स्क्रू फिरवलेत?"
"मी? छे. मी हात लावला नाही."

कार्ब्युरेटरचे दोन्ही पितळी स्क्रू
ताज्या ओरखड्यांनी लखलखतायत.
असू दे. अकरा वर्षं दुकान चालवतेय केमचीच्या धक्क्याजवळ,
गिऱ्हाइकानं खोटं बोललेलं मला चालतं.
त्याचे स्क्रू बोलतात की.

प्लग काढून सिलिंडरला टेकवला, दोरी ओढली:
ठिणगी निळी, चांगली जाडजूड.
मग दोरीलाच धरून अख्खी करवत लोंबकळत सोडली.
जुनी परीक्षा. दम संपलेली असेल तर धाडकन खाली येते.
ही आली थांबत थांबत,
गुडघे धरलेली बाई जिना उतरते तशी.
म्हणजे दम आहे.
दोरी मात्र मूळची नाही, बोटीची आहे,
निळं नायलॉन, मधोमध कोळ्याची गाठ.
ती कापून नवी घालणार होते.
राहिलं.

फिल्टर बदलला.
आतला पडदा वाळवलेल्या तिसऱ्यासारखा कडक,
तोही बदलला. नळीला भेग होती, पेट्रोल पिऊन फुगलेली,
ती फेकली.
चालू झाली!
दोन घोट घेतले, खोकली,
गप्प.

तीन दिवस हेच.
चालू, खोकला, गप्प.
तीन दिवस बाल्दोमेरो उलट्या क्रेटवर बसून माझ्या चुलीवरचा माते पितोय
आणि मी दर वेळी दोरी ओढली की
त्याचा खांदा हलतो.
"घरी सरपण संपलंय," तो सांगतो,
"ओर्फेलिना खुर्च्यांकडे बघायला लागलीय."
माझा मुलगा म्हणतो, आई, समुद्रात टाक ही, नवी घे म्हणावं त्याला.
मी त्याला पाने पुसायला बसवलं.

चौथ्या सकाळी, दुसरं काही उरलंच नाही म्हणून,
सायलेन्सर खोलला.
आतली जाळी, तांदळाचा दाणा अडेल एवढ्या भोकांची,
एकही भोक दिसेना.
काजळी. थरावर थर, डांबरासारखी.
श्वास घेता येत होता तिला.
सोडायला वाट नव्हती.

"ऑइल किती घालता पेट्रोलमध्ये?"
तो बराच वेळ टोपी पिळत राहिला.
"लिहिलंय तेवढंच.
मग थोडं वरून.
वय झालं ना तिचं. म्हटलं, कोरडं पडायला नको."
"वरून म्हणजे किती?"
त्यानं ओंजळ दाखवली.

जाळी ज्योतीवर धरली, लाल झाली, काजळी पापुद्रे होऊन झडली.
बसवली. स्क्रू दीड-दीड फेऱ्यावर आणले.
एकाच झटक्यात असा आवाज फुटला
की धक्क्यावरचे पेलिकन उडाले
आणि बाल्दोमेरो हसला, खालचे दोनच दात.
"ऑइलचं माझं चुकलं," तो ओरडला आवाजावरून,
"स्क्रूंना मात्र मी हात लावला नाही!"

पैशांच्या जागी बटाटे दिले, जांभळे, मातीसकट.
आणि ती बंद न करताच घेऊन गेला उतारावरून,
बाळ पुन्हा झोपणार नाही या भीतीनं
फिरवत राहावं तसा.
बोटीपाशी आवाज थांबला.
नावाड्यानं दम दिला असणार.

संध्याकाळी वारा बेटाकडून आला.
मी हात धुवत होते रॉकेलनं.
पाण्यापलीकडून एक झटका.
काही नाही.
दुसरा.
नळ बंद केला मी.